बूम हातात आला की बोलती बंद होते, त्याबद्दल

तुमचा प्रश्न असा आहे. तुम्ही आर्वीचे, पत्रकारितेची पदविका झाली, आणि पुढच्या महिन्यापासून नागपुरात एका मराठी वृत्तवाहिनीच्या ब्युरोत रिपोर्टर म्हणून लागताय. सरावात कॅमेऱ्यासमोर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला अडखळता, आणि बोलीत वऱ्हाडी वळण आहे म्हणून वर्गातली पोरं हसतात. तेव्हा टीव्ही रिपोर्टरचा रोजचा दिवस असतो तरी कसा, लाईव्हची भीती जाते का, आणि हे काम आपल्याला जमेल का?

आरशासमोर बोला, पेपर मोठ्यानं वाचा, हे सल्ले तुम्हाला मिळालेच असतील. त्यानं नुकसान काही होत नाही. पण मला विचाराल तर तुमचे सगळे प्रश्न मुळात एकच आहेत. संध्याकाळी लाईव्हला उभं राहिल्यावर अडखळायला होणार की नाही, हे सकाळपासून तुम्ही काय केलं यावर ठरतं. वर्गात हातात बूम, म्हणजे हातात धरायचा माइक, देतात आणि 'पावसाळा या विषयावर दोन मिनिटं बोला' म्हणतात. त्या विषयावर मीही अडखळेन, आणि माझी या धंद्यात सतरा वर्षं झाली. पहिली चार भंडाऱ्यात स्ट्रिंगर म्हणून, बाकीची नागपुरात.

जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकतो. तुमच्या ब्युरोत किती माणसं आहेत त्यावर तुमचा दिवस बदलेल. काही ठिकाणी दोन रिपोर्टर, दोन कॅमेरामन, एक गाडी आणि लाईव्ह चित्र पाठवायचा बॅकपॅक असतो. काही ठिकाणी तुम्ही, तुमची दुचाकी, एक मोबाइल आणि तो हलू न देणारं गिंबल, संपला ब्युरो. पगारावर आहात की स्ट्रिंगर म्हणून बातमीमागे पैसे मिळणार, यानंही फरक पडतो. बातमीमागे पैसे असले की माणूस नकळत अशाच बातम्यांकडे वळतो ज्या नक्की लागतील. मी खाली लिहितोय ते मधल्या ब्युरोचं, म्हणजे एक रिपोर्टर, एक कॅमेरामन आणि मुंबईत बसलेला डेस्क, म्हणजे बातम्या मागवणारी आणि चालवणारी मंडळी.

दिवस फोननं सुरू होतो. साडेसहाला उठलो की पोलिसांचे, अग्निशमनचे, हवामानाचे, पक्षांचे व्हॉट्सॲप गट पाहायचे. मग लोकमत, तरुण भारत, हितवाद. पहिलं पान डेस्कनंही वाचलेलं असतं, त्यामुळे मी आतली पानं आधी बघतो. हायकोर्टातल्या याचिकेची चार ओळींची बातमी, महापालिकेची एखादी जाहीर सूचना, कळमना बाजारातले भाव. साडेआठपर्यंत मुंबईच्या असाइनमेंट डेस्कला दिवसाची यादी जाते. चार-पाच बातम्या, प्रत्येकी दोन ओळी. तिकडून पहिला प्रश्न ठरलेला: 'व्हिज्युअल काय आहे?'

या प्रश्नाचा सुरुवातीला राग येतो. नंतर कळतं की तो रास्त आहे. 'संत्र्याचे भाव पडले' ही पेपरची बातमी झाली. टीव्हीला ती करायची तर पहाटे कळमना मार्केटमध्ये पोचावं लागतं. आंबिया बहाराचे ढीग, लिलावाचा पुकारा, आणि काटोल-नरखेडहून गाडी भाड्यानं करून आलेला शेतकरी हिशेबाची पट्टी हातात घेऊन उभा. कॅमेरा त्या पट्टीवर गेला की भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि शेवटी उरलेली रक्कम, सगळं एका कागदावर दिसतं. त्या शेतकऱ्याला 'कसं वाटतंय?' विचारायची गरजच पडत नाही. 'ही शेवटची ओळ वाचून दाखवता का, काका?' एवढं म्हटलं की झालं.

दहा ते दोन शूट, मग फुटेज पाठवणं, स्क्रिप्ट, व्हीओ (चित्रावर द्यायचा आवाज), मध्येच एखादा फोनो (फोनवरून दिलेली बातमी), मध्येच ठरलेली बातमी सोडून भलतीकडेच धावणं. दुपारचं जेवण वेळेवर झालं तर तो दिवस लक्षात राहतो. तर्री पोह्यांवर मी किती दुपारी काढल्यात याचा हिशेब नाही. आणि या सगळ्याच्या मधल्या फटी भरतात त्या वाट पाहण्यानं. रविभवन या सरकारी विश्रामगृहात मंत्र्याची बैठक सुटायची वाट, पोलीस आयुक्तालयाच्या आवारात आरोपीला आणायची वाट, विमानतळावर नेता उतरायची वाट. सोनेगावला विमान उतरतं, नेता बाहेर येतो, आठ बूम पुढे होतात, दोन मिनिटांत बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन-चार वाक्यं, देऊन तो गाडीत बसतो. त्या दोन मिनिटांसाठी दीड तास उभं राहिलेलो असतो. नवे रिपोर्टर तो दीड तास मोबाइलवर घालवतात. त्या वेळात तिथेच उभ्या कार्यकर्त्यांशी बोललात, तर नेता कशासाठी आलाय, कुणाकडे जेवणार, कुणाला टाळणार हे कळतं, आणि तुमचा प्रश्न बाकी सातांपेक्षा वेगळा निघतो. डेस्कनं दिलेला प्रश्न आधी विचारायचा, कारण नोकरी करायची आहे. दुसरा आपला.

आता अडखळण्याचं. माझी सगळ्यात मोठी फजिती सांगतो.

२०२३ च्या सप्टेंबरात, २२ आणि २३ च्या मधल्या रात्री नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पार सीताबर्डीपर्यंत. पहाटे मला एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, 'भाऊ, गाडी वाहून राहिली ना इथं!' कॅमेरामनला उठवलं, निघालो. उजाडता उजाडता शंकरनगरच्या बाजूनं जिथवर जाता आलं तिथवर गेलो, आणि पोचल्या पोचल्या डेस्क म्हणाला, 'दोन मिनिटांत लाईव्ह.'

मी उभा राहिलो. 'आपण बघू शकता, सगळीकडे पाणीच पाणी झालेलं आहे.' पुढचं वाक्यही पाणीच पाणी. तिसऱ्यांदा पाणीच पाणी म्हटल्यावर माझं मलाच कळलं की पुढे काही नाही. अँकरनं विचारलं, 'नेमकी परिस्थिती काय आहे?' आणि मी गप्प. चार-पाच सेकंदं असतील. घरी बसून बघणाऱ्याला ती जाणवतातच, उभ्या माणसाला तर त्यात अख्खा तास जातो. शेवटी अँकरनंच सांभाळून घेतलं, 'तिथे आवाज पोचत नाही असं दिसतंय.' आवाज व्यवस्थित पोचत होता. माझ्याकडे त्याला देण्यासारखं काही नव्हतं, कारण मी तेव्हा गाडीतून उतरून फक्त तीन मिनिटं झाली होती.

लाईव्ह सुटल्यावर कॅमेरामन म्हणाला, 'पाण्याचं राहू दे, घरात चाल.' ओसरू लागलेल्या पाण्यातून आम्ही एका तळमजल्याच्या घरात गेलो. आदल्या संध्याकाळी त्या घरी महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, पूजन झालं होतं. तुम्ही आपल्याकडचेच, तुम्हाला सांगायला नको त्या दिवशी घर कसं भरलेलं असतं ते. स्वयंपाकघराच्या दारात फ्रिज आडवा अडकला होता, त्यामुळे आत जाता येत नव्हतं. हॉलच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती, माझ्या छातीपर्यंत. पाण्यात पत्रावळी आणि झेंडूची फुलं तरंगत होती. त्या बाई जिन्यात बसल्या होत्या. अंधारात, लाईट गेलेले, पाणी पायाशी वाढत असताना त्यांनी काय वाचवलं? दोन्ही महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि पिलवंड (त्यांची बाळं) पदराखाली घेऊन वर नेले. 'फ्रिज गेला तर गेला,' म्हणाल्या, 'त्या आपल्याकडे पाहुण्या आल्या होत्या ना.'

तासाभरानं दुसरं लाईव्ह झालं ते त्या हॉलमधून. मी भिंतीवरच्या रेघेला हात लावून सुरुवात केली, मग अडकलेला फ्रिज, मग जिना, मग त्या बाईंचा बाईट. साडेतीन मिनिटं बोललो, एकदाही अडखळलो नाही. जीभ तीच, माणूस तोच, मधे एक तास गेलेला. तेव्हापासून मी स्वतःशी नियम केलाय. डेस्क 'दोन मिनिटांत लाईव्ह' म्हणाला तरी त्यातल्या एका मिनिटात तीन गोष्टी वहीत टिपायच्या: एक आकडा आणि तो कुणी दिला, एक डोळ्यांनी पाहिलेली वस्तू, आणि एका माणसाचं एक वाक्य. वही म्हणजे खिशातली छोटी डायरी. मोबाइलवर टिपू नका, लाईव्ह त्याच मोबाइलवरून असेल तर टिपण गेलं.

तर इथपर्यंतचं एवढंच, की अडखळायला होतं तेव्हा बहुतेक वेळा हातात माल नसतो. माल गोळा करायला वेळ मिळत नाही ही खरी अडचण, आणि तो वेळ डेस्ककडून मिळवणं हे यातलं कसब. ते कसब तुम्हाला वर्गात कुणी शिकवलं नसेल.

त्याचं उदाहरण ५६ अंशांचं. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. आकडा बाहेर पडला आणि डेस्कवर नुसता कल्लोळ. 'देशातलं सर्वाधिक तापमान, नागपूर! लगेच उभा राहा.' मी नागपुरात जन्मलो, सत्तेचाळीस अंशात क्रिकेट खेळलोय. ५६ म्हणजे काय ते अंगाला कळलं असतं. शिवाय शहराच्या दुसऱ्या काही केंद्रांवर त्याच दिवशी ४४ च्या आसपासच पारा होता, आणि आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या ५२.९ वर शंका घेतली गेली होती. मी डेस्कला म्हटलं, उभा राहतो, पण 'नोंद' म्हणेन, 'तापमान' म्हणणार नाही, आणि वर ब्रेकिंगच्या पट्टीतही तोच शब्द घ्या. थोडी वादावादी झाली. शेवटी मी लाईव्हमध्ये म्हणालो: एका स्वयंचलित केंद्रावर अशी नोंद झाली आहे, बाकी केंद्रांवर एवढं आहे, या यंत्राची तपासणी व्हायची आहे. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. माझ्या वाहिनीला आकडा मागे घ्यावा लागला नाही. शाबासकी मिळाली का? नाही. न झालेल्या चुकीची शाबासकी या धंद्यात मिळत नसते.

डेस्कशी असं बोलता यायला जरा काळ जातो. पहिल्या वर्षी तुम्ही नाही म्हणू शकणार नाही, आणि मीही म्हणालो नव्हतो. पण 'नाही' म्हणण्याऐवजी 'हे असं म्हणतो' असं म्हणता येतं. डेस्कला रिकामी जागा नको असते. तिथे तुम्ही दुसरं वाक्य दिलंत तर तो बहुतेक वेळा घेतो.

नागपूरच्या रिपोर्टरच्या कॅलेंडरवर काही तारखा ठळक असतात. मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, दिवस तर मी रजा असली तरी सोडत नाही. काळी आणि पिवळी मारबत एकमेकींना भेटतात तेव्हा इतवारीत कॅमेरा खांद्यावर धरायलाही जागा नसते, आणि बडग्यांवर (सोबतच्या पुतळ्यांवर) लिहिलेल्या घोषणा वाचल्या की शहराचं सध्या काय दुखतंय हे कळतं. पण सगळ्यात मोठी परीक्षा विजयादशमीची. १९२५ साली संघाची स्थापना झाली ती याच दिवशी, त्यामुळे सकाळी रेशीमबागेत संचलन आणि सरसंघचालकांचं भाषण. आणि १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तोही अशोक विजयादशमीचाच दिवस, त्यामुळे दीक्षाभूमीवर लाखोंची रीघ. एकाच शहरात, एकाच दिवशी, मधलं अंतर काही किलोमीटरचं. एक रिपोर्टर, एक कॅमेरामन.

पहिल्या वर्षी मी दोन्हीकडे धावलो आणि दोन्हीकडे अर्धवट राहिलो. आता रेशीमबागेचं भाषण एजन्सीच्या फीडवर सोडतो, तिथे फक्त सकाळचे शॉट आणि पाहुण्यांचा एखादा बाईट करून निघतो. भाषण कुठूनही ऐकता येतं. दीक्षाभूमीवर मात्र स्वतः गेल्याशिवाय काही हाती लागत नाही. तिथे गर्दी इतकी की नेटवर्क गुडघे टेकतं, बॅकपॅकमध्ये चार कंपन्यांची सिमकार्डं असली तरी. म्हणून लाईव्हची जागा आदल्या दिवशीच चालून ठरवायची. स्तूपाच्या समोर सगळेच उभे राहतात. मी पुस्तकांच्या दुकानांपाशी उभा राहतो. रात्रभर रेल्वेनं, ट्रकनं प्रवास करून आलेली माणसं, अंगावरची साडी विटलेली, आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं. एका वर्षी यवतमाळकडच्या एका आजींना विचारलं, वाचता येतं का? म्हणाल्या, 'मले नाही येत. नातीले येते.' एवढाच बाईट. डेस्कनं तो दिवसभर फिरवला.

दुसरा मोठा काळ हिवाळी अधिवेशनाचा. १९५३ च्या नागपूर करारातून आलेली ही प्रथा. डिसेंबर आला की सिव्हिल लाइन्सचं रूपच पालटतं, आमदार निवास भरतं, मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांच्या रामगिरी-देवगिरी बंगल्यांवर दिवे लागतात आणि मुंबईची सगळी पत्रकार मंडळी नागपुरात उतरतात. तुम्हाला वाटेल ही आपली संधी. आणि पहिल्याच दिवशी कळेल की विधानभवनाच्या पायऱ्यांवरचं लाईव्ह मुंबईहून आलेला राजकीय संपादक करणार, तुम्ही त्याला सावजी जेवण कुठे चांगलं मिळतं ते सांगणार, आणि तुमची ड्यूटी मोर्चावर. मी तीन अधिवेशनं याच गोष्टीवर कुढत काढली. आज मला कुणी पायऱ्या देऊ केल्या तरी मी मोर्चा मागून घेईन.

कारण मोर्चात माणसं असतात. मोर्चे विधानभवनापासून बरेच अलीकडे पोलिसांच्या कठड्यांशी अडवले जातात, आणि मग सुरू होतं वाट पाहणं. शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं, बाकीचे रस्त्यावर बसतात. गडचिरोलीहून आलेल्या अंगणवाडी सेविका, बुलढाण्याचे कोतवाल, विनाअनुदानित शाळेतले शिक्षक ज्यांच्या पिशवीत भाकरी आणि तपासायचे पेपर दोन्ही असतात. ते चार तास तुमच्याशी बोलायला मोकळे असतात. एवढा वेळ तुम्हाला मंत्री आयुष्यात देणार नाही. माझ्या डायरीतले निम्मे फोन नंबर त्या रस्त्यावरचे आहेत, आणि वर्षभर विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांतून बातमी येते ती त्या नंबरांवरून. 'पाणी आलं नाही', 'वाघानं माणूस मारला', 'डॉक्टर महिनाभर नाही', हे सांगायला त्यांना तुमचा चेहरा आठवतो, कारण तुम्ही त्यांच्याजवळ खाली बसला होता.

क्राइमबद्दल थोडं, पण जपून. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या शवविच्छेदन गृहाबाहेर तुम्ही पहिल्या आठवड्यातच उभे असाल. तिथे बूम बॅगेत ठेवायचा. कॅमेरा खाली. आधी जाऊन बसायचं, पाणी विचारायचं, आणि नातेवाईक स्वतः बोलायला तयार झाला तरच कॅमेरा. बाईट नाही मिळाला तर डेस्कला सांगायचं, नाही मिळाला. लहान मुलांवरच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. हे पाठ करून ठेवा. पण चेहरा धूसर केला की काम झालं असं समजू नका. एका प्रकरणात मी नाव घेतलं नाही, चेहरा दाखवला नाही, गल्लीचं नाव टाळलं. शॉटमध्ये फक्त घराचं निळं फाटक आणि त्याच्यासमोरचं कडुलिंबाचं झाड होतं. बातमी लागून दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्या वस्तीतल्या एका माणसाचा फोन आला: 'साहेब, फाटकावरून सगळ्यांनी ओळखलं.' शॉट काढायला लावला, पण दोन बुलेटिनमध्ये तो गेला होता. ती चूक डेस्कची नव्हती, कॅमेरामनची नव्हती, माझी होती. आता अशा बातमीत मी रस्त्यावरच्या वाहनांचे किंवा पोलीस ठाण्याच्या पाटीचे शॉट घेतो, आणि पाठवण्याआधी एकदा आवाज बंद करून बघतो. शेजाऱ्याच्या डोळ्यांनी.

भाषेचं. तुम्ही वऱ्हाडी वळणाला घाबरलात, तर माझा एक किस्सा ऐका. नागपुरातल्या नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी डेस्कला फोन करून म्हणालो, 'इकडे जोरात पाणी येऊन राहिलं.' मुंबईतला नवा मुलगा. त्यानं पट्टी चालवली: 'नागपुरात अनेक भागांत पाणी शिरलं.' आपल्याकडे पाणी येतं म्हणजे पाऊस येतो, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? त्या दिवशी शहरात साधा पाऊस होता. महापालिकेतून फोन, नातेवाइकांचे फोन, माझी आई भंडाऱ्याहून फोनवर रडतेय. तेव्हापासून मी एवढंच करतो की अर्थ बदलेल असे शब्द लाईव्हमध्ये आणि डेस्कशी बोलताना टाळतो. 'पाऊस' म्हणतो, 'येऊन राहिलं' च्या जागी 'येतोय' म्हणतो. सूर मात्र माझाच ठेवतो. पुणेरी सूर ओढून आणलेला नागपूरचा रिपोर्टर मी पाहिलाय. मोर्चातला माणूस त्याच्याशी 'साहेब' म्हणून बोलतो आणि दोन वाक्यांत आटपतो. माझ्याशी तो 'काऊन भाऊ, तुमच्या टीव्हीवर आमचं येईन का?' असं बोलतो. यातला कुठला बाईट जास्त चालतो ते तुम्हीच ठरवा.

सराव करायचाच असेल तर असा करा. सीताबर्डीत व्हरायटी चौकात किंवा तुमच्या आर्वीच्या बाजारात जा. दहा मिनिटं फक्त बघा, वर सांगितलेल्या तीन गोष्टी टिपा, मग मोबाइलवर एका दमात एक मिनिट बोला. चुकलं तरी थांबायचं नाही, पुसायचं नाही. पहिलं वाक्य पाठ ठेवा, बाकीचं डायरीतून येऊ द्या. आणि मित्राला सांगा, कानात इअरफोन घालून फोनवर मध्येच प्रश्न विचार. लाईव्हमध्ये अँकरचा प्रश्न दोन-तीन सेकंद उशिरा पोचतो. तो येईपर्यंत कॅमेऱ्यात शांत बघत राहायचं असतं, आणि ते जमायला बोलण्यापेक्षा जास्त सराव लागतो.

सामानाचं एकच सांगतो, बाकी तुम्ही शिकालच. मे महिन्यात मोबाइल तापून बंद पडतो, ऐन लाईव्हच्या मध्ये. फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, उन्हात चार्जिंगला लावायचा नाही, आणि उभं राहायच्या आधी दहा मिनिटं सावलीत ओल्या रुमालाजवळ ठेवायचा, रुमालात गुंडाळायचा नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात ओआरएस. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चौकाचौकात उभं राहून 'घराबाहेर पडू नका' असं सांगणारे आपणच असतो.

पैशाचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. रुजू होण्याआधी लेखी पत्र मागा. त्यात पगार किंवा बातमीमागचा दर, पेट्रोल कोण देणार, अपघात विमा आहे का, आणि कॅमेरा किंवा मोबाइल फुटला तर कुणाच्या खिशातून, हे असू द्या. माझी पहिल्या वाहिनीकडची पाच महिन्यांची रक्कम अजून यायची आहे, आणि ती वाहिनी आता राहिलेली नाही. पत्रकार म्हणून शासनाचं अधिस्वीकृती पत्र लगेच मिळत नाही, त्याला अनुभव आणि कागदपत्रं लागतात. म्हणून लागलेल्या बातम्यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि भीती जाते का? माझी गेली नाही. अजूनही अँकरनं माझं नाव घेण्याआधीची दहा सेकंदं तळहाताला घाम येतो, म्हणून मी बूम डाव्या हातात धरतो आणि उजव्यात डायरी.

पहिल्या दिवशी ब्युरोत गेलात की संपादकाच्या केबिनआधी कॅमेरामनकडे जा. तो बहुधा तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा असेल आणि त्यानं तुमच्यासारखे सहा रिपोर्टर येताना-जाताना पाहिले असतील. त्याला 'दादा' म्हणा, चहा तुम्ही पाजा, आणि विचारा की आजच्या लाईव्हला उजेड कुठल्या बाजूनं असेल. मला त्या पुराच्या सकाळी 'घरात चाल' म्हणणारा माणूसही कॅमेरामनच होता.